तुटून जोडलेली नस आणि चुंबकीय क्षेत्राचे उपचार : पैसे भरण्याआधी काय समजून घ्यावे?

मानेवाडा_वाचक (प्रश्न)

नमस्कार. यंदा संक्रांतीच्या दिवसांत माझा पुतण्या दुचाकीवरून घरी येत असताना नायलॉनचा मांजा आडवा आला. गळ्याशी आलेला मांजा त्याने डाव्या हाताने अडवला, म्हणून गळा वाचला; परंतु मनगटाच्या आतल्या बाजूला, करंगळीच्या रेषेत, खोल जखम झाली. शस्त्रक्रियेच्या कागदांवर अल्नर नस (करंगळीच्या बाजूने हातात जाणारी चेता, रक्तवाहिनी नव्हे) पूर्ण तुटल्याची आणि तिच्या शेजारची एक कंडराही (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) तुटल्याची नोंद आहे. त्याच रात्री सूक्ष्मदर्शकाखाली टाके घालून दोन्ही जोडण्यात आल्या.

आता एप्रिल सुरू आहे. जखम चांगली भरली आहे, पण करंगळी आणि अनामिकेचा करंगळीकडचा अर्धा भाग बधिर आहे, ही दोन्ही बोटे आत वाकलेली राहतात आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधला मांसल भाग खोलगट झाला आहे. तो डिप्लोमा करतो, ड्रॉइंगची आणि वर्कशॉपची कामे त्याला करावी लागतात. हात पुन्हा कामाचा होईल की नाही या विचाराने घरात सगळेच अस्वस्थ आहेत.

शहरातल्या एका उपचार केंद्राने सांगितले आहे की, तारेच्या वेटोळ्यात हात ठेवून स्पंदित विद्युतचुंबकीय क्षेत्र दिल्यास नस दुप्पट वेगाने वाढते. पूर्ण उपचाराची रक्कम आगाऊ भरायची आहे. दुसरीकडे नातेवाईक चुंबकाचा पट्टा बांधायला सांगतात आणि फिजिओथेरपीमध्ये रोज ‘करंट’ दिला जातो तो वेगळाच. हे तिन्ही प्रकार एकच आहेत का, त्यामागे खरे शास्त्र किती आहे आणि आपल्याकडे वेळ किती आहे, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

फिजिओ_धरमपेठ

नमस्कार दादा. मी नागपुरातच फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि मांजाने हात कापलेले रुग्ण दर वर्षी जानेवारी–फेब्रुवारीत आमच्याकडे येतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही हा विषय वारंवार हाती घेतला, तरी हे रुग्ण थांबलेले नाहीत, याची खंत वाटते. असो, आता पुतण्याच्या हाताकडे वळू.

नस कापली गेली की कापल्या जागेपासून बोटांच्या टोकापर्यंतचा तिच्यातील तंतूंचा भाग मरतो. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० साली बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे दाखवले आणि आजही ही झीज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तंतू मेले तरी त्यांच्या बाहेरच्या नळ्या शिल्लक राहतात. त्या नळ्यांतील श्वान पेशी (थिओडोर श्वान यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, तंतूंभोवतीच्या आधार पेशी) मेलेला मालमसाला साफ करण्यास मदत करतात, रांगेत उभ्या राहतात आणि नव्या तंतूला वाट दाखवतात. शल्यचिकित्सकाने टाके घालून जोडले आहे ते नसेचे वेष्टन. आतले तंतू टाक्याच्या अलीकडून, म्हणजे पाठीच्या कण्याशी असलेल्या पेशींच्या बळावर, नव्याने उगवून पुढे सरकायचे असतात. प्रौढ माणसात हा वेग साधारणपणे दिवसाला १ मिलिमीटर धरतात.

आता हिशेब मांडून पाहा. टाक्याची जागा ओलांडण्यातच सुरुवातीचे तीन-चार आठवडे जातात. मनगटापासून अंगठा–तर्जनीमधल्या स्नायूपर्यंतचे अंतर सुमारे १० सेंटीमीटर आहे, म्हणजे शंभर दिवस आणि सुरुवातीचा विलंब. करंगळीचे टोक त्याहून दूर आहे. त्यामुळे एप्रिलमध्ये बोट बधिर असणे आणि तो भाग खोलगट दिसणे यावरून शस्त्रक्रिया फसली असा निष्कर्ष मुळीच काढता येत नाही. नस स्नायूपर्यंत साधारण १२ ते १८ महिन्यांच्या आत पोहोचली पाहिजे, कारण त्यानंतर स्नायू तिला नीट स्वीकारत नाही. खांद्याजवळ नस तुटलेल्या रुग्णाला ही मुदत फार अपुरी पडते. मनगटाजवळ तुटलेल्याला ती पुरेशी असते. या बाबतीत तुमचा पुतण्या सुदैवी आहे.

विजेने नसेची वाढ सुधारते, याला भक्कम आधार आहे, पण तो एका विशिष्ट पद्धतीला आहे. कॅनडात टेसा गॉर्डन यांच्या गटाने २००० साली उंदरांच्या मांडीतील नस कापून जोडल्यावर लगेच, टाक्याच्या वरच्या बाजूला, सेकंदाला २० स्पंदने या गतीने एकच तास विद्युत उत्तेजन दिले. जे तंतू एरवी आठ ते दहा आठवडे घेतात, त्यांनी तीन आठवड्यांत वाट पूर्ण केली. यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र वेगाची नाही. मांडीतील ती नस पुढे दोन फांद्यांत विभागते, एक स्नायूकडे आणि एक त्वचेकडे जाते. उत्तेजन दिलेल्या उंदरांत स्नायूचे तंतू स्नायूच्याच फांदीत अधिक अचूकपणे शिरले. हातातही हाच प्रश्न असतो, कारण स्नायूसाठीचा तंतू त्वचेच्या नळीत शिरला तर तो कितीही वेगाने वाढला तरी बोट हलवणार नाही.

हे उत्तेजन तंतूला पुढून ओढत नाही. त्याचा संदेश उलट दिशेने पेशीच्या मुख्य भागापर्यंत जातो आणि तिथे वाढीला पोषक प्रथिनांची निर्मिती वाढते. संदेश पेशीपर्यंत पोहोचू नये म्हणून वाटेत औषध टाकून नस बंद केली, तेव्हा सगळा परिणाम नाहीसा झाला. माणसांतही हे तपासले गेले आहे. मनगटातील दबलेली नस मोकळी केल्यानंतर दिलेल्या एका तासाच्या उत्तेजनाने तंतू लवकर स्नायूपर्यंत पोहोचले, असे २०१० मध्ये दिसले. मात्र हाताच्या प्रत्यक्ष कामाच्या चाचण्यांत दोन गटांत तेव्हा फरक आढळला नाही. बोटातील तुटलेल्या नसांवर २०१५ मध्ये आणि कोपराशी दबलेल्या अल्नर नसेवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत संवेदना आणि पकडीची ताकद यांतही सुधारणा दिसली.

हे उत्तेजन शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा तिच्या लगेच नंतर, बारीक तारा थेट नसेजवळ ठेवून दिले जाते. आम्ही आमच्या विभागात कातडीवर पॅड ठेवून जो करंट देतो, तो नस येईपर्यंत स्नायू आकुंचन पावत राहावा, या हेतूने दिला जातो. त्याचा नसेच्या वाढीशी थेट संबंध जोडू नये, आणि स्नायू टिकवण्यातला त्याचा फायदाही मर्यादित मानला जातो. वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्राविषयी विजेच्या क्षेत्रातल्या कुणी लिहिले तर बरे होईल.

रोहित्र_कोराडी

ताईंनी आवाहन केले आहे म्हणून लिहितो. माझी नोकरी जनित्रे आणि रोहित्रे यांच्या सहवासात गेली, त्यामुळे यंत्राच्या बाजूने जे सांगता येईल तेवढेच सांगतो.

फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिले की, बदलते चुंबकीय क्षेत्रच वाहकात विद्युतप्रवाह निर्माण करते. हातावर बांधून ठेवलेल्या कायमच्या चुंबकाचे क्षेत्र बदलत नाही, त्यामुळे त्याच्याखालच्या स्थिर ऊतीत प्रवाह निर्माण होत नाही. पट्ट्याचा विषय माझ्या मते इथेच संपतो आणि त्यावर एक रुपयाही खर्च करू नये.

वेटोळ्यात मात्र प्रवाह क्षणोक्षणी चालू-बंद होत असतो, म्हणून ऊतीत अत्यंत क्षीण असे विद्युतक्षेत्र खरोखर निर्माण होते. हाडांच्या बाबतीत ही पद्धत जुनी आहे. न जुळणाऱ्या अस्थिभंगासाठी अशा उपकरणांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७९ सालीच मान्यता दिली, आणि त्यामागे कोलंबिया विद्यापीठातील अँड्र्यू बॅसेट यांचे काम होते. केंद्रे बहुधा हाच दाखला देतात, पण हाडाला मिळालेली मान्यता नसेला लागू होत नाही.

नसेसाठीचा ठळक प्रयोग १९८९ सालचा आहे. बेटी सिस्केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या पायातील सायॅटिक नस चेपली आणि रोज चार तास, ०.३ मिलिटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक, मिलिटेस्ला त्याचा हजारावा भाग) तीव्रतेचे, सेकंदाला दोन स्पंदने असलेले क्षेत्र दिले. वाढीचा वेग २२ टक्क्यांनी वाढला. पुढे १९९३ मध्ये असेही दिसले की, इजा करण्याआधीच हे क्षेत्र दिले तरी नंतरची वाढ सुधारते, म्हणजे परिणाम खरा असावा. तुलनेसाठी सांगतो, आपल्याकडे पृथ्वीचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ०.०४ मिलिटेस्ला असते आणि एमआरआय यंत्राचे नेहमीचे क्षेत्र १.५ टेस्ला असते. कातडीवरून नस प्रत्यक्ष चेतवायची तर टेस्लाच्या घरातील अतिशय जलद स्पंद लागतो. ०.३ मिलिटेस्लाने नस चेतत नाही, त्यामुळे ताईंनी वर्णन केलेले एका तासाचे उत्तेजन आणि हे वेटोळे यांची कामाची रीत एक मानता येणार नाही.

आता त्या ‘दुप्पट’ शब्दाकडे येऊ. उंदरातले २२ टक्के जसेच्या तसे माणसात उतरतात असे क्षणभर गृहीत धरले, तरी १०० मिलिमीटरचा प्रवास शंभर दिवसांऐवजी ८२ दिवसांत होईल, म्हणजे अठरा दिवस वाचतील. त्यातही उंदरांची नस चेपलेली होती, वेष्टन आणि नळ्या शाबूत होत्या, क्षेत्र इजेनंतर लगेच देण्यात आले होते. तुमच्या पुतण्याची नस तुटलेली होती आणि तंतूंचा अर्धा-अधिक प्रवास बहुधा आटोपला आहे. उरलेल्या अंतरावर वाचून वाचून किती दिवस वाचणार, हे तुम्हीच ठरवा.

पैसे भरण्याआधी केंद्राला शांतपणे विचारावे की क्षेत्राची तीव्रता किती, स्पंदने सेकंदाला किती, एका बैठकीचा अवधी किती आणि हे आकडे कोणत्या प्रयोगावरून घेतले. यंत्राच्या माहितीपत्रकात तीव्रतेचा आकडाच नसेल, किंवा ‘शक्ती पातळी एक ते दहा’ एवढेच छापलेले असेल, तर उपचार कशाचा चालला आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नाही, असे मी समजेन.

हिंगणा_रोड

तांत्रिक चर्चा फार उपयोगी झाली. मी रुग्णाच्या बाजूने थोडे लिहितो. दंडाचे हाड मोडले तेव्हा माझी रेडियल नस (मनगट आणि बोटे उचलणाऱ्या स्नायूंची नस) दुखावली होती आणि मनगट पूर्ण लोंबकळत असे. माझी नस तुटलेली नव्हती, ताणली गेली होती, म्हणून तिला वेळ देण्यात आला. सुधारणा वरून खाली, ठरलेल्या क्रमाने आली. आधी कोपर वाकवताना हाताच्या बाहेरच्या कडेचा स्नायू उठू लागला, नंतर मनगट उचलले गेले आणि बोटे व अंगठा सर्वांत शेवटी सरळ झाले. मनगट उठेपर्यंतचा काळ अतिशय कठीण जातो, कारण नस रोज वाढत असते आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. अशा काळात कोणीही कोणताही उपाय सांगितला तरी माणूस तयार होतो. मानेवाड्याच्या दादांची मनःस्थिती म्हणूनच मला कळते.

एक गोष्ट तातडीची आहे. एप्रिल-मेचे नागपूर आणि बधिर हात हे फार धोक्याचे आहे. उन्हात उभ्या गाडीचा धातूचा भाग, लोखंडी फाटकाची कडी, कूलरचा पत्रा, चहाचा स्टीलचा पेला यांचा चटका करंगळीला कळत नाही. फोड आल्यावरच कळते, आणि बधिर त्वचेवरची जखम भरायला वेळ लागतो. वर्कशॉपमध्ये नुकताच कापलेला धातू तर त्याने त्या बाजूने उचलूच नये. रोज रात्री उजेडात दोन्ही बोटे सर्व बाजूंनी पाहण्याची सवय लावावी आणि कोरड्या पडलेल्या त्वचेला तेल लावावे. घाम येणेही त्या भागात थांबलेले असते, त्यामुळे भेगा लवकर पडतात.

नंदनवन_१

थोडा जवळचाच प्रश्न विचारतो. माझ्या आतेभावाच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आहे आणि कमरेखाली हालचाल नाही. हे विद्युतक्षेत्र तिथे उपयोगी पडेल का?

फिजिओ_धरमपेठ

भाऊ, हातातील नस आणि मज्जारज्जू यांत मोठा फरक आहे. मज्जारज्जूत श्वान पेशी नसतात, आणि तिथल्या वेष्टनातील काही प्रथिने वाढीला उलट रोखून धरतात. तरीही तिथे क्षेत्राचा प्रयोग झाला आहे. वाढते तंतू ऋण ध्रुवाकडे अधिक वेगाने वाढतात, हे जॅफी आणि पू यांनी १९७९ मध्ये काचेच्या बशीतील पेशींवर दाखवले होते. मज्जारज्जूत काही तंतू वर जातात आणि काही खाली, म्हणून अमेरिकेत रिचर्ड बोर्गेन्स यांनी दर १५ मिनिटांनी दिशा उलटणारे, शरीरात बसवायचे यंत्र तयार केले. २००५ मध्ये दहा रुग्णांवरील त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यंत्र सुरक्षित ठरले आणि काही रुग्णांत संवेदना थोडी सुधारली, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तो आजही नेहमीचा उपचार झालेला नाही. बाहेरून वेटोळे लावून मज्जारज्जू जुळतो असे कोणी सांगितल्यास कृपया पैसे देऊ नका. आतेभावासाठी आज सर्वांत मोलाची काळजी म्हणजे पाठ आणि कमरेवर दाबाच्या जखमा न होऊ देणे आणि लघवीच्या मार्गाची निगा. त्यासाठी वेगळा धागा काढलात तर सविस्तर लिहीन.

मानेवाडा_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. काल पुतण्याला घेऊन शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडे गेलो आणि इथे वाचलेल्या आधारावर प्रश्न विचारले. त्यांनी मनगटापासून बोटांच्या दिशेने नसेच्या रेषेवर बोटाने हलके टिचकी मारत तपासले. तळहाताच्या मध्यावर पोहोचताच पुतण्याने करंगळीत मुंग्या आल्याचे सांगितले; त्यापुढे टिचकी मारली तेव्हा काहीच जाणवले नाही. डॉक्टर म्हणाले की तंतू तिथपर्यंत आले आहेत आणि तीन महिन्यांच्या मानाने हे योग्य आहे. ही जागा त्यांनी कागदावर हाताचे चित्र काढून, तारीख घालून नोंदवली. स्पंदित क्षेत्राविषयी विचारले असता, नुकसान होणार नाही पण तुमच्या पुतण्याला आज त्याची गरज दिसत नाही, असे त्यांचे मत पडले. केंद्राकडे तीव्रतेचा आकडा मागितला होता. तो मिळाला नाही. त्यामुळे आम्ही पैसे भरलेले नाहीत.

ताई, दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. वाकलेल्या बोटांसाठी काही करावे का, आणि सुधारणा सुरू झाली हे घरी कसे ओळखावे?

फिजिओ_धरमपेठ

ही चांगली बातमी आहे दादा. टिचकीची ती जागा पुढे सरकत राहणे, हाच या टप्प्यावरचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा आहे. दोन महिने ती एकाच जागी थांबली, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे, कारण टाक्याच्या जागी किंवा पुढे व्रण आडवा आला असल्यास पुन्हा शस्त्रक्रियेचा निर्णय मुदतीच्या आत घ्यावा लागतो. स्नायूंची सुईची तपासणी केल्यास, डोळ्यांना हालचाल दिसण्याच्या आधीच नव्या तंतूंच्या खुणा मिळू शकतात. ती कधी करायची हे डॉक्टर ठरवतील.

वाकलेल्या बोटांसाठी नकल बेंडर स्प्लिंट (बोटांना ठरावीक स्थितीत धरणारा, हातावर घालायचा आधार) मिळते. बोटांची मुळाकडची पेरे किंचित वाकवून धरली की पुढची पेरे आपल्याच स्नायूने सरळ होऊ शकतात, हे त्यामागचे तत्त्व आहे. माप घेऊन बनवून घ्यावे, तयार स्प्लिंट करंगळीशी काचते आणि त्याला ते काचणे कळणार नाही. याशिवाय दुसऱ्या हाताने दोन्ही बोटांचे मधले सांधे दिवसातून अनेकदा पूर्ण सरळ करावेत. नस वेळेवर पोहोचली आणि सांधे आखडलेले असले तर स्नायूला काम करायला जागाच उरत नाही, आणि ते नुकसान कोणतेही क्षेत्र भरून काढू शकत नाही.

घरी ओळखण्यासाठी तळहात टेबलावर पालथा ठेवून करंगळी बाजूला नेण्याचा प्रयत्न करायला सांगा, कारण ती बाजूला नेणारा स्नायू मनगटाच्या सर्वांत जवळ आहे आणि तो आधी जागा होतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यात कागद धरून तो ओढून पाहण्याची चाचणी शेवटी सुधारते. आज कागद धरताना त्याच्या अंगठ्याचे टोक वाकत असेल, ते सरळ राहू लागले की तंतू त्या खोलगट भागापर्यंत पोहोचले असे समजा. संवेदना परत येताना काही आठवडे नुसत्या मुंग्या, जळजळ आणि स्पर्श झाला की झटका असे होते. त्याला घाबरून हात झाकून ठेवू देऊ नका. कापूस, टॉवेल, तांदूळ अशा वेगवेगळ्या वस्तूंचा स्पर्श आधी पाहून आणि मग डोळे मिटून ओळखण्याचा सराव तेव्हापासून सुरू करायचा असतो. मे महिन्याच्या तपासणीत टिचकीची जागा किती पुढे गेली ते इथे जरूर लिहा.